फुलांचा मुहूर्त

प्रवासाचा बेत ठरवावयास बसलेल्या मंडळींपुढें पहिली वस्तु येते ती दिनदर्शिका. कोणती सुटी रविवारला जोडून येते, मुलांच्या परीक्षा केव्हां संपतात, कचेरींतून रजा कधीं मिळेल, घरांतलें एखादें लग्न मध्येंच आड येतें कीं काय, एवढा विचार झाला म्हणजे मग कोठें जावयाचें तें ठरतें. महाबळेश्वर दिवाळींत पाहिलें काय आणि मे महिन्यांत पाहिलें काय, तें आपल्या जागेवरच असतें. देवळें, किल्ले, समुद्र हीं सारीं मनुष्याच्या सवडीची वाट पाहत उभीं असतात. झाडांचा बहर मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. तो पाहावयास निघणाऱ्याला आपली दिनदर्शिका मिटून झाडाची दिनदर्शिका वाचावयास शिकावें लागतें, आणि बहुतेक बेत फसतात ते येथेंच.

मोहोळांतील एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. सोलापूर-पुणें रस्त्यावरचें हें तालुक्याचें गांव नागनाथाच्या देवळामुळें दूरवर ठाऊक आहे. पाऊस बेताचा, शाळू, हरभरा, करडई, ऊस आणि डाळिंब हीं तालुक्याचीं पिकें. घरांत एक निवृत्त शिक्षक व त्यांच्या पत्नी, बँकेंत काम करणारा मुलगा, शाळेंत शिकविणारी सून, दहावीला बसलेली नात आणि सातवींतला नातू. जानेवारींतील एका संध्याकाळीं नातू आजींना जपानांतील चेरीच्या बहराचीं चित्रें दाखवितो. आजींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला. कित्येक वर्षें मळकट दिसणारे रंग पुन्हां धुतल्यासारखे दिसूं लागलेले. पानाचें नांव नसलेलें, फांदीच्या टोकापर्यंत नुसत्या फिकट गुलाबी फुलांनीं झांकलेलें तें झाड त्या बराच वेळ पाहत राहतात आणि म्हणतात, "हें एकदां डोळ्यांनीं पाहावयास हवें." ज्या बाईनें चाळीस वर्षांच्या संसारांत स्वतःसाठीं फारसें कांहीं मागितलें नाहीं, तिच्या तोंडून निघालेल्या अशा वाक्याला घरांत फार वजन असतें. मुलगा त्याच रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसतो.

पहिला विचार अर्थातच जपानचा. आजच्या काळांत मोहोळच्या घराला तोहि अगदींच अशक्य नाहीं. मुंबईहून विमानें आहेत, सहली नेणाऱ्या कंपन्या आहेत, आणि घरांतली थोडी शिल्लक मोडावयाची तयारीहि आहे. पण पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी दुसरा उभा राहतोच: जावयाचें कोणत्या दिवशीं?

टोकियो शहरांत यासुकुनी देवस्थानाच्या आवारांत चेरीचें एक नमुन्याचें झाड आहे. तेथें हवामानखात्याचा मनुष्य येऊन डोळ्यांनीं फुलें मोजतो. पांच-सहा फुलें उमललेलीं दिसलीं कीं बहर सुरू झाल्याचें जाहीर होतें. सुमारें ऐंशी टक्के कळ्या उमलल्या म्हणजे पूर्ण बहर. इतक्या काटेकोरपणें टिपलेली ही तारीख वर्षावर्षाला किती सरकते तें पाहण्याजोगें आहे. २०२३ सालीं पहिलीं फुलें १४ मार्चला दिसलीं, २०२४ सालीं २९ मार्चला, आणि २०२५ सालीं २४ मार्चला. लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांचें अंतर! पूर्ण बहर पहिल्या फुलानंतर सुमारें आठवड्यानें येतो, आणि त्यापुढच्या आठवड्यांत वारा व पाऊस मिळून पाकळ्या उधळून टाकतात. म्हणजे पाहण्याजोगा काळ जेमतेम आठ-दहा दिवसांचा, आणि तो मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोठेंहि पडावयाचा.

यांत महाराष्ट्रीय वाचकाला गंमत वाटेल असा एक योग आहे. २०२३ सालीं टोकियोचा पूर्ण बहर २२ मार्चला जाहीर झाला, आणि त्याच दिवशीं आपल्याकडे घरोघर गुढ्या उभ्या होत्या. २०२५ सालीं पुन्हां ३० मार्चला तसेंच घडलें. मधल्या वर्षीं मात्र बहर ४ एप्रिलला आणि पाडवा ९ एप्रिलला आला. तेव्हां पाडव्यावर डोळा ठेवून जपानचें तिकीट काढावें असा कोणीं अर्थ घेऊं नये. पाडवा चंद्राच्या गतीनें चालतो. चेरी चालते ती थंडी आणि ऊन यांच्या हिशेबानें.

हा हिशेब जपानी लोकांनीं मोठ्या हौसेनें मांडला आहे. त्यांच्यांत एक सोपा ठोकताळा आहे: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तपमानाचे अंश एकांत एक मिळवीत जावें, बेरीज सहाशेंच्या घरांत गेली कीं टोकियोंत कळी फुटते. मुलाबाळांनाहि करतां येईल असें हें गणित. सरकारी हवामानखात्यानें २०१० पासून बहराचें भाकीत करणें सोडलें असून आतां तें काम खाजगी संस्था करतात. जानेवारींत पहिला अंदाज निघतो आणि पुढें तो वारंवार सुधारला जातो. क्योतो शहरांतील बहराच्या नोंदी तर त्याहून नवलाच्या आहेत. दरबारी रोजनिशा आणि जुन्या बखरी चाळून यासुयुकी आओनो या संशोधकानें त्या इसवी सन ८१२ पर्यंत मागें नेल्या. फुलें पाहण्याचे समारंभ कोणत्या दिवशीं झाले तें राजवाड्यांतले लोक लिहून ठेवीत, आणि त्यांच्या त्या हौसेंतून बाराशें वर्षांच्या हवामानाचा इतिहास हातीं आला. २०२१ सालीं क्योतोचा पूर्ण बहर २६ मार्चला आला. १४०९ सालचा २७ मार्चचा उच्चांक त्यानें मोडला. म्हणजे झाडाची दिनदर्शिकासुद्धां आतां स्थिर राहिलेली नाहीं. ती अलीकडे सरकत चालली आहे.

सारें शहर एकदम कसें फुलतें, याचें उत्तर मोहोळच्या डाळिंबवाल्याला सांगावें लागणार नाहीं. जपानांत सर्वांत अधिक लावलेली जी सोमेई-योशिनो जात, ती सगळी कलमांची. एकोणिसाव्या शतकांत टोकियोजवळच्या सोमेई या माळ्यांच्या वस्तींतून ती पसरली, आणि आज जीं झाडें आहेत तीं सर्व मूळच्या एकाच झाडाचीं जणूं प्रतिबिंबें आहेत. एकच प्रकृति, एकच स्वभाव. त्यामुळें एका गांवांतलीं झाडें एकाच वेळीं जागीं होतात आणि एकाच वेळीं झडतात. शोभा त्यामुळें अपूर्व, परंतु चुकली तर सबंध चुकली.

मोहोळच्या घरांत हें सर्व वाचून झाल्यावर थोडी शांतता पसरते. दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत सुरू होते; २०२५ सालीं ती २१ फेब्रुवारीला सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालली. नात तेथून सुटते तोंच धाकट्याची वार्षिक परीक्षा एप्रिलांत उभी. सुनेला तर दोन्हीकडचे कागद तपासावयाचे. मे महिन्यांत सर्वांना सुटी, पण मे महिन्यांत टोकियोच्या चेरीवर नुसती हिरवीं पानें. विमानाचें तिकीट कांहीं महिने आधीं काढावें तर बहराची तारीख ठाऊक नाहीं, आणि तारीख कळेपर्यंत थांबावें तर तिकिटाला हात लावण्याची सोय नाहीं. आजोबा चष्मा काढून ठेवतात आणि म्हणतात, "एवढा खर्च करून रिकाम्या फांद्या पाहावयाच्या, हा जुगार आपल्या घराला झेपणारा नाहीं." त्यांचें म्हणणें कोणाला आवडत नाहीं, पण खोडूनहि काढतां येत नाहीं.

मग हिंदुस्थानांतच चेरी पाहावी असें कोणी सुचवितो. येथें एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मेघालयांत शिलाँगला चेरीचा बहर पाहावयास लोक लांबलांबून जातात, पण तो वसंतांत नव्हे, नोव्हेंबरांत. हिमालयाच्या अंगाखांद्यावर वाढणारी ही रानचेरी हिवाळ्याच्या तोंडाशीं फुलते. वैद्यांच्या पुडींतून महाराष्ट्रांत येणारें पद्मकाष्ठ तें याच झाडाचें लांकूड. तेव्हां नांवानें तरी हें झाड आपल्या घरांत पूर्वीच येऊन गेलेलें आहे. वसंतांतच शहर पाहावयाचें तर श्रीनगर आहे. तेथें हरिपर्वताच्या पायथ्याशीं बदामवारी म्हणून बदामाची जुनी बाग आहे, ती मार्चमध्यें फुलते. आणि बदाम हा चेरीचा अगदीं जवळचा भाऊबंद. ज्या घरांत दहावीचा विद्यार्थी नाहीं त्यानें याचा अवश्य विचार करावा. परंतु मोहोळच्या या घराला मार्चमध्यें काश्मीर म्हणजे आठवड्याची रजा, आणि ती रजा कोणाजवळच नाहीं. शिवाय आजींचे गुडघे.

दख्खनच्या पठारावर चेरी कां फुलत नाहीं, असा प्रश्न नातवानें विचारावा हें ओघानेंच आलें. चेरीची कळी उन्हाळ्यांतच धरते व मग झोपीं जाते. तिची झोंप मोडण्यासाठीं आधीं कित्येक आठवड्यांची कडक थंडी अंगावरून जावी लागते. ती मिळाली नाहीं तर पुढें कितीहि ऊन पडलें तरी कळी नीट जागी होत नाहीं. मोहोळचा हिवाळा तिला हिवाळाच वाटणार नाहीं. मात्र झाडाला छळल्यावांचून तें फुलत नाहीं ही गोष्ट या तालुक्याला नवी नव्हे. डाळिंबाचा बहर धरावयाचा असला म्हणजे शेतकरी बागेचें पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. पानें गळतात, बाग वाळल्यासारखी दिसते. मग छाटणी करून, खत घालून पाणी सोडलें कीं फांदी फांदी लाल होऊन येते. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हीं नांवें ज्याच्या तोंडीं रोजचीं आहेत, त्याला जपानी माणसाचें गणित उलगडावयास वेळ लागत नाहीं. चेरीला ताण थंडीचा, डाळिंबाला तहानेचा. २०१६ सालीं सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालें तें फळासाठीं. त्याच्या फुलाकडे पाहावयास मात्र कोणी मुद्दाम आल्याचें ऐकिवांत नाहीं.

उष्ण देशांतलीं पुष्कळ रानझाडें ही तहान स्वतःच्याच मर्जीनें सोसतात. पळस, पांगारा, काटेसावर हीं तिन्ही माघ-फाल्गुनांत पानें टाकून नागव्या फांद्यांवर फुलतात. आणि याच पंथांतलें एक परदेशी झाड मुंबईंत येऊन राहिलें आहे. मुंबईकरांनीं त्याला आपल्या शहराची चेरी ठरवून टाकलें आहे. विक्रोळीस राहणाऱ्या भाच्याच्या पत्रांतून ही वार्ता मोहोळला पोंचते, आणि बेताला नवें वळण लागतें.

या झाडाचें शास्त्रीय नांव टॅबेबुया रोझिया. उत्तरेकडे त्याला बसंतरानी म्हणतात. मूळ मध्य अमेरिकेच्या बाजूचें. एल साल्वादोर या देशाचें तें राष्ट्रीय झाड आहे. मुंबईंत विक्रोळी-घाटकोपरच्या बाजूनें जाणाऱ्या पूर्व द्रुतगति महामार्गाच्या कडेला त्याच्या रांगा आहेत. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पूर्वार्ध हा त्याचा सामान्य काळ. पानें झडतात आणि त्या कर्कश वाहत्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलाबी ढग उतरल्यासारखें दिसतें. दुरून पाहणाऱ्याला चेरीची भूल पडते यांत नवल नाहीं. जवळ गेल्यावर भूल उतरते. चेरीचें फूल गुलाबाच्या कुळांतलें, लहान, पांच सुट्या पाकळ्यांचें. तें झडतें तेव्हां पाकळी पाकळी वाऱ्यावर जाते. टॅबेबुयाचें फूल कर्ण्यासारखें, घशाशीं पिवळसर, आणि तें अखंडच्या अखंड खालीं पडतें. आपल्याकडील बुचाचें झाड त्याच्याच कुळांतलें. ज्यांनीं लहानपणीं बुचाचीं लांब दांड्याचीं फुलें वेंचून त्यांच्या वेण्या गुंफल्या असतील त्यांना हें नातें लगेच पटेल.

"मुंबईची चेरी" या नांवाबद्दल थोडी नाराजी वाटणें साहजिक आहे. उसनें नांव घेतलें म्हणजे झाडाची ओळखहि उसनीच राहते. लोक चेरीच्या चित्राशीं ताडून पाहतात आणि टॅबेबुयाचें स्वतःचें असें जें कांहीं आहे तें राहून जातें. पण परदेशी म्हणून त्याला नाकारावें हेंहि बरोबर नव्हे. गुलमोहर मादागास्करहून आला, आणि आज त्याच्यावांचून महाराष्ट्रांतला वैशाख कोणाला सुचत नाहीं. खेद एवढाच कीं, विक्रोळीच्या गुलाबी फुलांचीं चित्रें घेणारा मनुष्य घाटांतला पळस न पाहतां आगगाडींत झोंपलेला असतो.

आतां बेत. मोहोळहून मुंबई आगगाडीनें सुमारें सव्वाचारशें किलोमीटर. येथें लोहमार्ग १८६० सालीं आला. त्या वेळीं बोरघाटाचें काम पुरें झालें नव्हतें. तें १८६३ सालीं झालें. तोंवर मुंबईस जाणाऱ्याला खंडाळ्याला उतरून पालखी किंवा डोलींतून घाट उतरावा लागे आणि खोपोलीस पुन्हां गाडी धरावी लागे. आजच्या उतारूला अडचण निराळी. सर्वच गाड्या मोहोळास थांबत नाहींत; मनाजोगी गाडी न मिळाल्यास सोलापूर किंवा कुर्डुवाडी गांठावी. आणि जावयाचें तें दिवसा. बहुतेक मंडळी रात्रीच्या गाडीनें जातात. कामाला जाणाऱ्याचें तें ठीक, पण फुलें पाहावयास निघालेल्यानें बोरघाट अंधारांत ओलांडावा यासारखा दुसरा वेडेपणा नाहीं. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सुरू झालेली सोलापूर-मुंबई वंदे भारत गाडी सकाळीं लवकर सुटते, कुर्डुवाडीस थांबते, आणि लोणावळा-कर्जत हा भाग भर उजेडांत उतरते. भाडें अधिक पडतें, तेवढें सोसावें. फेब्रुवारी-मार्चमध्यें त्या उतारावर करड्या गवतांतून पांगारा व पळस पेटलेले दिसतात, आणि काटेसावरीचीं मोठीं लाल फुलें पांखरांनीं गजबजलेलीं असतात. बोगद्यांमुळें दर्शन तुकड्यातुकड्यानें होतें. डोळे मिटावयास सवड नाहीं.

तिकिटाचें कोडें मात्र येथेंहि सुटत नाहीं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आगाऊ आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधीं खुलें होतें. पूर्वी ही मुदत एकशेंवीस दिवसांची होती. पण विक्रोळीचें झाड साठ दिवस आधीं कांहींच सांगत नाहीं. तेथें कोणी यासुकुनीचा फुलें मोजणारा नाहीं. एखाद्या वर्षीं जानेवारींतच बहर येतो, कांहीं झाडें नोव्हेंबर-डिसेंबरांतहि थोडीशी फुलून घेतात. तेव्हां मुलगा ठरवितो कीं, मार्चच्या पहिल्या शनिवारचें तिकीट काढून ठेवावें आणि भाच्यानें दर रविवारीं रस्त्यावर चक्कर मारून झाडांची हकीकत कळवावी. लक्षण चांगलें नसेल तर वेळींच तिकीट रद्द करून दुसरें घ्यावें. जितकें आधीं रद्द करावें तितकी कपात कमी. जपानच्या विमानाला ही चैन परवडत नाहीं. जवळच्या गांवाची खरी थोरवी ही, कीं तेथें चुकलें तरी पुन्हां जातां येतें.

मुंबईंतील दिवस रविवारचा धरावा. रस्त्यावरची वर्दळ त्या दिवशीं थोडी कमी असते, आणि शाळा बुडत नाहीं. परंतु रविवार हाच मध्य रेल्वेचा डागडुजीचा दिवस. मेगाब्लॉक दुपारच्या सुमारास असतो, म्हणून विक्रोळी सकाळींच उरकावी. ठाण्याहून धीम्या लोकलनें मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजुरमार्ग आणि मग विक्रोळी. महामार्ग स्थानकाच्या पूर्वेस. तेथें गेल्यावर एक गोष्ट कटाक्षानें पाळावी: वाहनांच्या रस्त्यावर उतरूं नये. चित्र घेण्याच्या नादांत लोक तसें करतात. बाजूच्या सेवारस्त्यावरून चालावें किंवा पादचारी पुलावर उभें राहावें. पुलावरून तर झाडांचे शेंडे डोळ्यांच्या रेषेंत येतात, जे खालून कधींच दिसत नाहींत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पूल चढणें जड जाईल. तिच्यासाठीं सेवारस्त्यावर घडीची खुर्ची न्यावी, आणि सकाळच्या पहिल्या उन्हांत न्यावी. रात्रींत गळलेलीं ताजीं फुलें त्या वेळीं पायांखालीं पसरलेलीं असतात.

तेथून भायखळा. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे लोकांच्या तोंडची राणीची बाग, स्थानकाच्या अगदीं जवळ पूर्वेस आहे. भायखळ्यांतली ही बाग १८६२ सालीं खुली झाली. लोक तेथें प्राणी पाहावयास जातात आणि झाडें न पाहतां परततात. ब्रह्मदेशांतून आलेली उर्वशी तेथें आहे. तिच्या लाल-पिवळ्या फुलांचे लांब झुबके झुंबरासारखे खालीं लोंबत असतात. खरा सीतेचा अशोकहि वसंतांत तेथें फुलतो, आणि तोफेच्या गोळ्यासारखीं फळें धरणारा कैलासपति आहे. बुधवारीं बाग बंद असते. रविवारला ती अडचण नाहीं, फक्त गर्दी आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनें निघालेली मंडळी सोमवारीं सकाळीं परत.

कागदावर सारें जुळतें, आणि मग नात विचारते, "पहिल्या शनिवारीं? माझा गणिताचा पेपर आहे त्या आठवड्यांत." कोणी म्हणतो, तिला आजोबांजवळ ठेवूं. सून म्हणते, "आई, तुम्ही सगळे जाऊन या, मी राहते तिच्यापाशीं." आजींना तें मान्य नाहीं. पोर घरांत वह्यांत डोकें घालून बसावी आणि आपण फुलें पाहत हिंडावें, असली सहल त्यांना नको. मुलगा पुन्हां पुन्हां सांगतो कीं, आई, तिची परीक्षा संपेपर्यंत बहर गेलेला असेल. त्याचें म्हणणें बहुतांशीं बरोबरहि आहे.

येथें आजोबा, जे इतका वेळ फक्त खर्च मांडीत होते, एक उपयोगाचा मुद्दा काढतात. शेवटच्या पेपरानंतरचा शनिवार धरला तर काय काय हुकेल याची यादी झाली; काय काय मिळेल याचीहि करावी. विक्रोळीचीं झाडें उतरणीला लागलेलीं असतील; अगदीं उशिरा फुलणारें एखादें मिळालें तर मिळालें. घाटांतला पांगारा संपत आलेला. पण त्याच सुमारास घाटांत कुसुंबाला नवी पालवी फुटते, आणि ती इतकी लाल असते कीं अनोळखी मनुष्य तिला फुलेंच समजतो. पिंपळाचीं कोंवळीं पानें तांब्यासारखीं चमकूं लागलेलीं असतात. मुंबईच्या रस्त्यांवर सोनमोहर पिवळा होऊं लागलेला, आणि राणीच्या बागेंतला अशोक बहुधा अजून फुलांवर. महाराष्ट्राचें राज्यफूल जें तामण, त्याचा जांभळा बहर आणि बहाव्याचे पिवळे घोस यांना मात्र एप्रिल उजाडावा लागेल. आजी यादी ऐकून घेतात आणि विचारतात, "म्हणजे तें गुलाबी झाड दिसणार नाहीं?" आजोबा म्हणतात, "दिसेल किंवा नाहीं. पुढच्या वर्षीं पोर दहावींत नसेल. तेव्हां फेब्रुवारींतच जाऊं." आजी यावर कांहीं बोलत नाहींत. त्यांच्या वयाला पुढचें वर्ष इतक्या सहज हिशेबांत धरतां येत नाहीं, हें घरांत सर्वांनाच कळतें. पण त्या नातीच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "काढा तिकीट त्या शनिवारचें."

तिकीट निघतें. भाच्याला पत्र जातें कीं, कोणतें झाड सर्वांत शेवटीं फुलतें तें हेरून ठेव, त्याच्या जवळचा दिव्याचा खांब लक्षांत ठेव. त्यानें पहिलें उत्तर पाठविलें आहे: पुलाच्या उत्तरेला तीन झाडें आहेत, त्यांचीं पानें अजून हिरवीं आहेत, म्हणजे आशा आहे.

नातवानें इकडे आपलें स्वतंत्र काम सुरू केलें आहे. अंगणांत कडुनिंब आहे, पाडव्याला त्याचीच फुलें प्रसादाला लागतात. १ फेब्रुवारीपासून तो सोलापूरचें कमाल तपमान वर्तमानपत्रांतून उतरून घेतो आणि बेरीज करतो. मोहोळच्या उन्हानें सहाशें अंश वीस दिवसांच्या आंतच ओलांडले. कडुनिंबानें तिकडे लक्षहि दिलें नाहीं. आतां तो रोज शाळेंतून आल्यावर खुर्चीवर उभा राहून खालच्या फांदीवरचे मोहर तपासतो. पांच-सहा फुलें एकदम उमललेलीं दिसलीं कीं आजीला हांक मारावयाची, असें ठरलें आहे.